घरच्या सौर यंत्रणेला बॅटरीची जोड : वापरानंतरचे परीक्षण

छतावर सौर पॅनेल असूनही वीज गेल्यावर घरात अंधार होतो, याचा उलगडा अनेकांना यंत्रणा बसवून झाल्यावरच होतो. ग्रिडला, म्हणजे वितरण कंपनीच्या वीजजाळ्याला, जोडलेला नेहमीचा सौर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे उपकरण) एकट्याने घर चालवण्यासाठी बनवलेला नसतो. तो ग्रिडचा व्होल्टेज आणि वारंवारता पाहून आपला प्रवाह त्यात मिसळतो, आणि ग्रिड बंद पडला की दोन सेकंदांच्या आत स्वतःही थांबतो. तसे झाले नाही तर दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या कामगाराच्या हातातील तार कोणाच्या तरी छतावरच्या विजेने जिवंत राहू शकते; म्हणून असे थांबणे मानकांनी सक्तीचे केले आहे. हे सारे रास्त असले, तरी भर दुपारी लख्ख ऊन पडलेले असताना घरातील पंखे बंद पडलेले पाहून कोणालाही बॅटरीचा विचार सुचतोच. दुसरे कारण हिशेबाचे असते. दिवसा तयार झालेली वीज स्वस्तात बाहेर जाते आणि संध्याकाळी तीच महाग दराने परत घ्यावी लागते.

या दोन्ही कारणांनी आम्ही पाच किलोवॅटच्या जुन्या सौर यंत्रणेला बॅटरी जोडून घेतली. ५१.२ व्होल्ट आणि १०० अँपिअर-तासांची, म्हणजे प्रत्येकी ५.१२ युनिट क्षमतेची, लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारातील दोन मॉड्यूल आणि त्यांच्यासाठी पाच किलोवॅटचा स्वतंत्र बॅटरी इन्व्हर्टर अशी ही जोडणी आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणारे बहुतेक गुणदोष या जातीच्या सर्वच उपकरणांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात आणि एका नावाभोवती चर्चा फिरत राहिली तर वाचकाचा उपयोग होणार नाही. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. खरेदीपूर्वी सगळे ज्या गोष्टीची चौकशी करतात ती बॅटरी, म्हणजे आतील सेल, या संपूर्ण खरेदीतील सर्वांत निर्धोक भाग ठरली. त्रास झाला, किंवा पुढे होण्याची शक्यता दिसली, ती इन्व्हर्टर, वायरिंग, मोजणी आणि सॉफ्टवेअर यांत. आणि माहितीपत्रकात नेमके त्यांच्याविषयीच कमी लिहिलेले असते.

प्रथम सेलविषयी. लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने पुढे आणले. त्याच गुडइनफ यांना २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरील कामाबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह विभागून मिळाले. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट वापरणाऱ्या बॅटरीच्या तुलनेत हे रसायन त्याच वजनात कमी ऊर्जा साठवते, पण भिंतीवर टांगलेल्या बॅटरीला धावायचे नसल्यामुळे तो तोटा घरी जाणवत नाही. त्याच्या बदल्यात आयुष्य जास्त मिळते आणि सेल बेकाबू तापण्याची सुरुवात अधिक उंच तापमानाला होते. हजारो वेळा भरून रिकामी केल्यावरही बऱ्यापैकी क्षमता टिकून राहणे ही या प्रकाराची ख्याती आहे, आणि आमच्या आजवरच्या वापरात तिला तडा गेलेला नाही. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीशी तुलना करण्यात आता फारसे स्वारस्य उरलेले नाही. तिची जेमतेम निम्मी क्षमताच रोज वापरावी असा दंडक असतो, पाणी भरावे लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो. अधूनमधून वीज जाते तेवढ्यापुरती ती चालते. रोज भरून रोज रिकामी करण्याच्या कामाला ती लवकर थकते.

सेलविषयी एकच तक्रार करता येईल, आणि तीही खरे तर मोजणीची आहे. या रसायनाचा व्होल्टेज फार सपाट असतो. बॅटरी वीस टक्के भरलेली असो वा ऐंशी टक्के, स्थिर अवस्थेत प्रत्येक सेलच्या व्होल्टेजमध्ये साधारण एक दशांश व्होल्टचा फरक पडतो, त्यामुळे आत किती वीज शिल्लक आहे हे व्होल्टेजवरून ओळखता येत नाही. बॅटरीचे नियंत्रण करणारी बीएमएस ही प्रणाली आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजून शिलकीचा अंदाज बांधते, आणि मोजणीतील बारीक चुका दिवसागणिक साचत जातात. सलग ढगाळ दिवसांत बॅटरी कधीच पूर्ण भरली नाही की हा अंदाज भरकटतो. ॲपवर अठरा टक्के दिसत असताना आकडा अचानक पाच टक्क्यांवर कोसळल्याचे आम्ही पाहिले आहे. यावरचा उपाय म्हणजे बॅटरी मधूनमधून शंभर टक्के भरू देणे, कारण व्होल्टेज अखेरच्या टप्प्यात झपाट्याने वर चढतो तेव्हाच मोजणी जागेवर येते आणि सेलमधील असमतोलही तेव्हाच दूर केला जातो. लिथियम बॅटरी कधीही पूर्ण भरू नये, हा मोबाईल वापरणाऱ्यांमध्ये रूढ झालेला सल्ला येथे जसाच्या तसा लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे जुन्या सौर यंत्रणेला बॅटरी जोडायची कशी याकडे, वळले पाहिजे. दोन मार्ग आहेत. पहिल्यात जुना सौर इन्व्हर्टर काढून त्याच्या जागी हायब्रिड इन्व्हर्टर बसवतात. पॅनेलची एकदिश (डीसी) वीज थेट बॅटरीत जाते आणि घरासाठी लागेल तेव्हा एकदाच प्रत्यावर्ती (एसी) होते. दुसऱ्यात जुना इन्व्हर्टर आहे तसाच राहतो आणि बॅटरीला तिचा वेगळा इन्व्हर्टर मिळतो. यात पॅनेलची वीज आधी प्रत्यावर्ती होते, बॅटरीत जाण्यासाठी पुन्हा एकदिश होते आणि बाहेर येताना आणखी एकदा प्रत्यावर्ती होते. प्रत्येक रूपांतरात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. नवी यंत्रणा उभारणाऱ्याने पहिला मार्गच घ्यावा, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. आमचा सौर इन्व्हर्टर मात्र वॉरंटीत होता, उत्तम चालत होता आणि वितरण कंपनीच्या मंजुरीच्या कागदपत्रांवर त्याचेच नाव होते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग निवडला. त्यात एक फायदाही आहे. बॅटरीचा इन्व्हर्टर बिघडला तरी पॅनेलची निर्मिती चालू राहते. हायब्रिड इन्व्हर्टर बिघडला तर दोन्ही एकदम थांबतात.

दहा युनिट भरली तर साधारण साडेआठ युनिट परत मिळतात. दुहेरी रूपांतर असलेल्या जोडणीसाठी हा आकडा समाधानकारक म्हणता येईल, पण तो संपूर्ण सत्य सांगत नाही. बॅटरी इन्व्हर्टर काहीही काम करत नसतानाही स्वतःसाठी वीज घेत राहतो. आमचा इन्व्हर्टर सुमारे पन्नास वॅट घेतो. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो, परंतु चोवीस तासांत त्याचे १.२ युनिट होतात. उन्हाच्या दिवशी बॅटरीत आठ युनिट गेली तर रूपांतराचा तोटा वजा जाता ६.८ युनिट परत येतात, आणि त्यातून इन्व्हर्टरचा स्वतःचा खप काढला की हाती ५.६ युनिट उरतात. म्हणजे खरी कार्यक्षमता सत्तर टक्के. ढगाळ दिवशी तीनच युनिट भरली गेली तर याच हिशेबाने सव्वा ते दीड युनिटच कामी येते, आणि निम्म्याहून अधिक वीज साठवण्याच्या खटाटोपातच संपते. मोठा इन्व्हर्टर घेऊन त्याला छोटी बॅटरी जोडणाऱ्यांनी या स्थिर खपाचा आकडा विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यावा. माहितीपत्रकात तो बहुधा शेवटच्या पानावरील तक्त्यात, बारीक अक्षरांत असतो.

बचतीचा प्रश्न या सत्तर टक्क्यांपाशीच निकालात निघतो. बॅटरीतून एक युनिट मिळवायचे असेल तर सुमारे १.४३ युनिट वीज ग्रिडला विकण्याऐवजी आत वळवावी लागते. तेव्हा एका युनिटमागे होणारा फायदा म्हणजे खरेदीचा दर, वजा विक्रीच्या दराची १.४३ पट. विक्रीचा दर खरेदीच्या दराच्या सत्तर टक्क्यांहून जास्त असेल तर प्रत्येक साठवलेल्या युनिटमागे नुकसानच होते, आणि जेथे दिलेल्या युनिटच्या बदल्यात तितकेच युनिट परत मिळण्याची नेट मीटरिंगची सोय आहे तेथे केवळ बिल कमी करण्यासाठी बॅटरी घेणे निरर्थक आहे, कारण ग्रिड हीच तेथे कोणतीही घट न होणारी बॅटरी असते. विक्रीचा दर नगण्य असेल, ग्रिडला वीज देण्यावर मर्यादा असेल, किंवा संध्याकाळच्या तासांना वेगळा चढा दर लागत असेल, तेथे चित्र पालटते. विक्रेत्यांच्या तोंडी हा भेद क्वचितच येतो. आपल्या बिलावर खरेदीचा आणि विक्रीचा दर वेगवेगळा छापलेला असतो, तो आधी पाहावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

याच संदर्भात वॉरंटी वाचली पाहिजे. आमच्या बॅटरीची वॉरंटी दहा वर्षे किंवा एकूण तीस हजार युनिट बाहेर काढली जाईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर आहे, आणि त्या मुदतीत मूळ क्षमतेच्या सत्तर टक्के क्षमता राहील एवढीच हमी आहे. म्हणजे दहाव्या वर्षी दहाऐवजी सात युनिट साठवणारी बॅटरी उत्पादकाच्या दृष्टीने निर्दोषच असेल. तीस हजारांना दहा वर्षांच्या दिवसांनी भागले तर रोज सव्वाआठ युनिट येतात. दिवसातून एकदा भरून रिकामी करणाऱ्या घराला ही मर्यादा पुरेशी आहे. मात्र रात्री ग्रिडच्या स्वस्त विजेवर आणि दिवसा उन्हावर अशी रोज दोनदा ती भरली, तर वॉरंटीचे आयुष्य निम्म्यावर येते. खरेदी आणि बसवणूक यांचा एकूण खर्च या तीस हजारांनी भागला की साठवणुकीचा प्रतियुनिट खर्च कळतो; वरील फायद्याचा आकडा त्याहून मोठा असेल तरच बॅटरी स्वतःची किंमत फेडते. आमच्या बाबतीत ती काठावर फेडते. आम्ही घेतली ती मुख्यतः वीज जाण्यावरचा उपाय म्हणून, आणि परीक्षणही त्याच बाजूने अधिक विस्ताराने करणे योग्य ठरेल.

वीज गेल्याचे घरात आता कळतही नाही. सुमारे वीस मिलिसेकंदांत बॅटरी इन्व्हर्टर घराला ग्रिडपासून तोडतो आणि स्वतः व्होल्टेज उभा करतो. दिवे किंचित लुकलुकतात, संगणक चालू राहतो. त्यानंतर सौर इन्व्हर्टर मात्र लगेच कामाला लागत नाही. त्याला नवा ‘ग्रिड’ स्थिर आहे याची खात्री करून घ्यायची असते, आणि त्यासाठी तो एक ते पाच मिनिटे वाट पाहतो. तेवढा वेळ घराचा सगळा भार एकट्या बॅटरीवर असतो, हे लक्षात ठेवून जड उपकरणे थोडी थांबवून लावावीत.

यापुढचा प्रसंग अधिक नाजूक आहे. दुपारची वेळ, ग्रिड बंद, बॅटरी पूर्ण भरलेली आणि पॅनेल चार किलोवॅट वीज तयार करत आहेत, पण घराला लागते आहे अर्धा किलोवॅट. उरलेली वीज जायला जागा नाही. अशा वेळी बॅटरी इन्व्हर्टर घरातील विजेची वारंवारता मुद्दाम वाढवतो; पन्नास हर्ट्झची वारंवारता एक-दोन हर्ट्झने वर गेली की सौर इन्व्हर्टर आपली निर्मिती कमी करतो किंवा थांबवतो. ही युक्ती सुरेख आहे, पण तिच्यासाठी जुन्या सौर इन्व्हर्टरला वारंवारतेनुसार हळूहळू निर्मिती उतरवणे जमले पाहिजे. जुन्या धाटणीच्या इन्व्हर्टरना फक्त चालू किंवा बंद एवढेच कळते, आणि मग ढग नसतानाही निर्मिती पुन्हा पुन्हा तुटत राहते. बदललेली वारंवारता काही यूपीएसनाही खपत नाही. ते ग्रिड बिघडला असे समजून आपल्या बॅटरीवर जातात आणि कर्कश आवाज करत बसतात. आमच्या घरातील एका यूपीएसची संवेदनशीलता कमी केल्यावरच तो शांत झाला. वारंवारता मोजून चालणारी घड्याळेही अशा दुपारी पुढे जातात.

याच कारणामुळे बॅटरी इन्व्हर्टरची क्षमता सौर इन्व्हर्टरपेक्षा कमी असू नये. घरातील मोठा भार अचानक बंद झाला तर पॅनेलची संपूर्ण वीज क्षणभर बॅटरी इन्व्हर्टरच्या अंगावर येते, आणि सौर इन्व्हर्टरने माघार घेईपर्यंत ती पेलण्याची ताकद त्याच्यात हवी. पाचाला पाच हे आमचे प्रमाण बरोबर बसते. आठ किलोवॅटच्या पॅनेलांना तीन किलोवॅटचा बॅटरी इन्व्हर्टर स्वस्त पडतो म्हणून जोडून देणारे लोक आहेत. त्यांना या प्रसंगी काय होईल हे विचारावे.

माहितीपत्रकात ज्याचा उल्लेखही नसतो असा सर्वांत मोठा धोका रात्रीचा आहे. ग्रिड बंद असताना रात्रभर घर चालवून बॅटरी पूर्ण संपली, तर सकाळी ऊन आल्यावर ती आपोआप भरेल, असे कोणालाही वाटेल. दोन इन्व्हर्टरच्या जोडणीत तसे होईलच असे नाही. सौर इन्व्हर्टरला सुरू होण्यासाठी व्होल्टेज आणि वारंवारता दाखवणारे कोणीतरी लागते. ग्रिड नाही आणि बॅटरीही संपलेली, म्हणून छतावर ऊन असूनही दोघे एकमेकांची वाट पाहत थांबतात. चांगले उत्पादक यासाठी शेवटचा थोडा साठा वेगळा राखतात, घराचा पुरवठा आधीच तोडतात आणि सकाळी त्या साठ्यावर स्वतःला जागे करून सौर इन्व्हर्टरला सुरुवात करून देतात. आमच्या यंत्रणेत ही सोय आहे, पण ती कारखान्यातून बंद ठेवलेली आली होती. सेटिंगच्या यादीत खोलवर दडलेला तो पर्याय शोधून चालू करावा लागला. खरेदीपूर्वी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा असेल, तर ‘ग्रिड नसताना बॅटरी शून्यावर गेली तर सकाळी काय होते?’ हा विचारावा. उत्तर देताना तो अडखळला, तर बसवणूक दुसऱ्याकडून करून घेतलेली बरी.

शक्तीच्या बाबतीत पाच किलोवॅट हा आकडा कागदावर भरपूर वाटतो. दिवे, पंखे, फ्रीज, राउटर, टीव्ही आणि एक वातानुकूलक एवढे त्यावर आरामात चालते. मोटरची गोष्ट वेगळी. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना साधारण एक किलोवॅट घेत असला, तरी सुरू होण्याच्या क्षणी तो पाच ते सात पट प्रवाह ओढतो, आणि त्याच वेळी फ्रीज व वातानुकूलक चालू असतील तर इन्व्हर्टर जास्त भार झाल्याचे सांगून संपूर्ण घराची वीज तोडतो. त्यामुळे आम्ही पंप आणि गीझर बॅकअपच्या वितरण फलकावर घेतलेच नाहीत. ते ग्रिड असतानाच चालतात. वेग बदलणारे, ज्यांना बाजारात इन्व्हर्टर एसी म्हणतात, ते वातानुकूलक हळुवार सुरू होतात, म्हणून त्यांचा असा त्रास होत नाही. ‘संपूर्ण घराला बॅकअप’ हे शब्द जाहिरातीत छान दिसतात. प्रत्यक्षात आवश्यक उपकरणांचा वेगळा फलक करणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. तीन फेजची जोडणी असलेल्या घरांनी तर हे आधीच ठरवावे, कारण एका फेजवर बसवलेली बॅटरी बाकीच्या दोन फेजना वीज गेल्यावर काहीही देत नाही.

बसवणुकीबद्दल मात्र समाधान व्यक्त करता येत नाही. बॅटरीला घरातील देवाणघेवाण कळते ती मुख्य तारेभोवती अडकवलेल्या सीटी या छोट्या संवेदकामुळे, आणि त्यावर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो. बसवणाऱ्यांनी तो उलटा अडकवला. परिणाम असा झाला, की दिवसा वीज बाहेर जात असताना बॅटरीला ती आत येत आहे असे वाटले आणि ती मदतीसाठी आपलाही साठा बाहेर ओतू लागली. संध्याकाळी ग्रिडमधून वीज येत असताना ती बाहेर जात आहे असे समजून ती स्वतःला भरू लागली. प्रत्येक चूक पुढची चूक वाढवत असल्यामुळे दोन्ही वेळा ती पूर्ण ताकदीने उलटे काम करत होती. ॲपवरचे आलेख मात्र देखणे होते आणि घर जवळजवळ स्वयंपूर्ण झाल्याचे सांगत होते. वितरण कंपनीच्या मीटरवरील आकडे ॲपशेजारी ठेवले तेव्हाच विसंगती दिसली. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. ज्यांच्या घरी नवी बॅटरी लागली आहे त्यांनी पहिल्याच दिवशी, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर, मीटर आणि ॲप यांचा ताळा करून पाहावा.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. ग्रिडपासून घर तोडले गेले की बाहेरून येणारा न्यूट्रलचा अर्थिंगशी असलेला संबंधही तुटतो, आणि तो घराच्या आत इन्व्हर्टरने किंवा वेगळ्या रिलेने जोडून दिला नाही तर गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बॅकअपच्या काळात निरुपयोगी ठरू शकतो. वीज चालू दिसते, सगळे सुरळीत दिसते, फक्त धक्क्यापासूनचे संरक्षण नाहीसे झालेले असते. काम पूर्ण झाल्यावर मुख्य स्विच बंद करून, बॅटरीवर घर चालू असताना, आरसीसीबीची चाचणी उपकरण लावून घेतल्याशिवाय कामाची रक्कम पूर्ण देऊ नये. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण एवढ्यासाठी पुरेसे नाही, कारण ते आपली कृत्रिम गळती आतल्या आत निर्माण करते आणि अर्थिंगची स्थिती तपासतच नाही.

जागेविषयी थोडक्यात. दोन्ही मॉड्यूल आणि कपाट मिळून वजन शंभर किलोच्या पुढे जाते, त्यामुळे भिंत भक्कम हवी. उष्णता ही या सेलची खरी वैरी आहे. उन्हाने तापणाऱ्या भिंतीवर बॅटरी लावली तर ती न वापरताही म्हातारी होत जाते. शून्य अंशाखाली उलट अडचण येते. तेव्हा चार्जिंग केल्यास सेलच्या आत धातुरूप लिथियम जमू लागते, म्हणून बीएमएस चार्जिंगच रोखते, आणि थंड प्रदेशांत आतून गरम करणारी सोय असलेली बॅटरीच घ्यावी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट सुरक्षित आहे म्हणजे ते पेटतच नाही असे नव्हे. बिघडलेला सेल हायड्रोजनसह ज्वलनशील वायू सोडतो, म्हणून झोपण्याची खोली, जिन्याखालची जागा आणि बाहेर पडण्याची वाट येथे बॅटरी ठेवू नये. लिथियम बॅटरीच्या सुरक्षिततेविषयीच्या आयईसी ६२६१९ या मानकाचे प्रमाणपत्र मागावे आणि त्यावरील मॉडेल क्रमांक आपल्या मॉड्यूलवरील क्रमांकाशी जुळतो का ते स्वतः पाहावे.

सॉफ्टवेअर हा या उत्पादनाचा सर्वांत कच्चा भाग. सर्व माहिती उत्पादकाच्या सर्व्हरमार्गे फिरून येते. इंटरनेट बंद असताना बॅटरी आपले काम करत राहते, पण वेळापत्रक किंवा राखीव साठा बदलता येत नाही, आणि नेमकी वादळाची शक्यता असते तेव्हाच तो वाढवावासा वाटतो. एका अद्ययावतीकरणानंतर आमचा राखीव साठा कोणतीही सूचना न देता चाळीस टक्क्यांवरून मूळच्या दहा टक्क्यांवर गेला होता. घरातल्याच स्थानिक जाळ्यातून, मॉडबस (उपकरणांनी आपसात माहिती देण्याची एक ठरलेली पद्धत) किंवा तत्सम मार्गाने, नियंत्रण देणारा इन्व्हर्टर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजूनही तोच घ्यावा. दहा वर्षे टिकणारी बॅटरी घेताना तिचे ॲप चालवणारी कंपनी तेवढी वर्षे टिकेल का, हा प्रश्न अप्रस्तुत नाही.

प्रतिसादाचा वेगही अपेक्षेपेक्षा मंद आहे. किटली किंवा इस्त्री लावली की बॅटरीला ते कळून आपला पुरवठा वाढवायला एक-दोन सेकंद लागतात. तेवढ्यात वीज ग्रिडमधून येते, आणि उपकरण बंद झाल्यावर तेवढीच बाहेर जाते. त्यामुळे बॅटरी भरलेली असूनही मीटरवर रोज थोडीफार खरेदी दिसतेच. याला दोष म्हणावे एवढे त्याचे प्रमाण नाही, पण शून्य बिलाचे आश्वासन घेऊन आलेल्या ग्राहकाला ते खटकते.

आकाराची निवड योग्य झाली असे वाटते. सूर्यास्तापासून सकाळी निर्मिती सुरू होईपर्यंत आमचा वापर सात युनिटच्या आसपास असतो, आणि दहा टक्के तळाला सोडून मिळणारी सव्वानऊ युनिटची क्षमता त्याला रूपांतराचा तोटा धरूनही पुरते. वापर मोजल्याशिवाय आकार ठरवू नये. संध्याकाळी आणि सकाळी मीटरचे वाचन काही आठवडे लिहून ठेवले तरी पुरे. गरजेहून मोठी बॅटरी ढगाळ काळात भरत नाही आणि उन्हाच्या काळात रिकामी होत नाही, म्हणजे तिचा वरचा भाग पैसे देऊन नुसता बाळगला जातो. भरपूर उन्हाच्या महिन्यांतील वीज कमी उन्हाच्या महिन्यांसाठी ठेवणे तर कोणत्याही घरगुती बॅटरीला शक्य नाही. तिचा पल्ला एका रात्रीचा, फार तर दोन दिवसांचा.

पुढे मॉड्यूल वाढवता येतील, हे विक्रीच्या वेळी आवर्जून सांगितले जाते आणि आमच्या कपाटात तिसऱ्याची जागा मोकळीही आहे. परंतु वापरून झिजलेल्या मॉड्यूलशेजारी नवे लावले की भार सारखा वाटला जात नाही, आणि उत्पादकाच्या अटींनुसार ठराविक मुदतीनंतर जोडलेल्या मॉड्यूलला वॉरंटीची उरलेलीच वर्षे मिळतात. तेव्हापर्यंत तेच मॉडेल बाजारात राहील याचीही खात्री कोणी लेखी देत नाही. विजेवरची गाडी घरी आली तर रात्रीचा वापर दुपटीने वाढेल, पण तिला दिवसा थेट पॅनेलवरूनच भरता आले तर दुहेरी रूपांतराचा तोटा वाचतो. म्हणून तिसऱ्या मॉड्यूलऐवजी आम्ही वेळ लावून चालणारा चार्जर पाहत आहोत.